दुभाषिणीचा ‘मी’

मिर्ना नुसता पाव मागत होती. "एक लांबडा मऊ पाव, आणि चीज थोडं, पातळ कापून," एवढंच ती काउंटरपलीकडच्या मुलीला म्हणाली, आणि तिच्या पाठीमागे कुणाच्या तरी हातातला कॉफीचा पेला बशीवर जोरात आदळला. तिने वळून पाहिलं नाही. सान हुआनच्या रिओ पिएद्रास भागातल्या त्या बेकरीत दुपारी पेले आदळतच असतात, खुर्च्या सरकतात, लॉटरीच्या आकड्यांवरून भांडणं होतात. मग मागून आवाज आला, "परत बोल." तो दुसऱ्या कुणाला उद्देशून असेल असं तिने स्वतःला सांगितलं, आणि पर्समधून पैसे काढले. "ए बाई, तुलाच. परत बोल जरा." आता ती वळली. उंच स्टुलावर एक म्हातारा बसला होता. डोंगरातली माणसं शहरात येताना घालतात तसा लांब बाह्यांचा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला, कडक इस्त्रीचा शर्ट. मांडीवर गवताची टोपी. तो तिच्याकडे पाहत नव्हता. रेडिओवर अस्पष्ट लागलेलं स्टेशन ऐकावं तशी त्याने मान कलती केली होती. "‘तुमची मागणी माझ्या अखत्यारीत येत नाही,’" म्हातारा सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाला. "बोल ना. तुलाच येतं ते बोलता. माझ्या अंगणात उभी राहून बोलली होतीस."

"काका, कॉफी गार होतेय," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "आणि बाईंना त्रास नका देऊ."

"मी त्रास देतोय होय?" म्हातारा तिच्याकडे न बघताच म्हणाला. "मी कान लावून बसलोय. चेहरा नसेल लक्षात, तेव्हा टोपी होती डोक्यावर, काळा चष्मा होता, अंगात ते सरकारी जाकीट. पण आवाज? आवाज काय टोपी घालतो?"

मिर्नाने पैसे ठेवले आणि पाव न घेताच बाहेर पडली. हे कधीतरी होणार हे तिला ठाऊक होतं, ठाऊक म्हणजे रस्त्यातल्या खड्ड्यासारखं. रोज बाजूने जायचं, रोज वाटायचं की आजही वाचलो. मारिया वादळ येऊन गेल्यावर इंग्रजी येणाऱ्यांना काम मिळत होतं. बाहेरून, म्हणजे समुद्रापलीकडच्या त्यांच्या मोठ्या देशातून, मदत खात्याची माणसं उतरली होती, आणि त्यातल्या कुणालाच बेटावरच्या लोकांची भाषा येत नव्हती. त्या वर्षी ती कितीतरी अंगणांत उभी राहिली. छप्पर उडालेल्या, भिंत वाहून गेलेल्या, सगळीकडे ओल्या गाद्यांचा तोच आंबट वास. दुभाष्याचं पहिलं शिक्षण असतं की स्वतःला ओल्या छत्रीसारखं दाराबाहेर ठेवायचं. समोरचा ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’ म्हणायचं. ‘ते म्हणतात की’ असं लावलं तर लांबण लागते, माणसं आपल्याशीच वाद घालू लागतात. म्हणून ती ‘मी’ म्हणत राहिली. मी तुमचं छप्पर बघायला आलो आहे. मला घराच्या मालकीचा पुरावा लागेल. मी समजू शकतो. मला वाईट वाटतं. मी काही करू शकत नाही. संध्याकाळी खोलीवर परतल्यावर बराच वेळ तिला स्वतःसाठी कुठलं वाक्य सुचत नसे. एकदा आईला फोनवर ‘मी जेवले’ म्हणताना ती अडखळली होती, हे कुणाचं भाषांतर आहे असं क्षणभर वाटून गेलं होतं. आता ती तोंडाचं काम करत नव्हती. घरी बसून वकिलांचे कागद या भाषेतून त्या भाषेत उलथवायची. कागदाला कान नसतात.

तिने मागे पाहिलं. म्हातारा बेकरीच्या दारातून बाहेर आला होता, टोपी डोक्यावर ठेवत होता. एका पायाने लंगडत होता. मिर्नाने पावलं उचलली. कोपऱ्यावरचा सिग्नल वादळात मेला तो अजून तारेला लटकून होता, नुसता, तीन आंधळ्या भोकांचा, आणि गाड्या एकमेकांच्या काचांतून डोळे शोधत, हात दाखवत पुढे सरकत होत्या. ती मध्येच घुसली. एका टॅक्सीवाल्याने खच्चून हॉर्न दिला. "मरायचंय का बाई? सरकारी दवाखान्यात मरायलासुद्धा रांग आहे!" पलीकडे जाऊन ती भिंतीच्या सावलीला थांबली, आणि का थांबली हे तिला कळेना. पळायचं तर पळावं. म्हातारा लंगडा आहे. पण तो ‘अखत्यारीत’ शब्द तिच्या डोक्यात दातात अडकलेल्या दोऱ्यासारखा बसला होता. हा शब्द तिने सगळीकडे वापरला नव्हता. बहुतेक साहेब साधं ‘जमणार नाही’ म्हणायचे. असं नेमकं, सभ्य बोलणारा एकच होता.

लिंडग्रेन. उंच, भाजून लालबुंद झालेल्या मानेचा, नेब्रास्काहून आलेला. वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर सोपं गेलं असतं. उतुआदोच्या घाटात जाताना, दरड कोसळलेल्या वळणावर गाडी थांबवून तो खाली दरीकडे बघत राहिला होता आणि हळूच म्हणाला होता, "हे सगळं आमच्या टीव्हीवर दाखवत नाहीत." मग गाडी चालू करताना त्याने विचारलं होतं, "तुमच्याकडे चलन कुठलं आहे?" ती म्हणाली, "तुमचंच." "अच्छा! आणि इथून आमच्याकडे यायचं तर व्हिसा मिळायला त्रास होतो?" "आम्ही तुमचेच नागरिक आहोत, मिस्टर लिंडग्रेन. जन्मापासून. माझे आजोबा तुमच्या सैन्यात होते, कोरियाच्या लढाईत." तो आणखी लाल झाला आणि त्याने तिची माफी मागितली. मिर्नाला त्याची दया आली होती, आणि दया आली याचा राग. त्या रागात ती गाडीतून उतरली होती, त्याच अंगणात, आणि आता भिंतीला टेकून उभी असताना ते अंगण एकदम सगळंच्या सगळं परत आलं: केळीची आडवी झालेली झाडं, दोरीवर वाळत टाकलेले फोटो, आणि घराच्या उरलेल्या अर्ध्या भागात, खिडकीशी खुर्ची ओढून बसलेली एक जाड बाई, जी प्रत्येक श्वास पायरी चढल्यासारखा घेत होती.

"पळू नकोस," म्हातारा म्हणाला. तो आला होता, घामाघूम, भिंतीला हात टेकून. "माझा गुडघा गेलाय. मला काही करायचं नाही तुला. मारायचं असतं तर बेकरीतच चाकू होता पावाचा." स्वतःच्याच बोलण्यावर तो किंचित हसला आणि ते हसू त्याच्या तोंडावर नीट बसलं नाही. "नाव काय तुझं?"

"मिर्ना."

"मी एव्हारिस्तो. तेव्हा सांगितलं होतं, पण तुझ्या साहेबाने लिहून घेतलं तेव्हा तू त्याला एकेक अक्षर फोडून सांगितलंस, ते ऐकून मला वाटलं, हे माझं नाव आहे का दुसऱ्याचं."

"तुमच्या... त्या बाई. खिडकीत बसल्या होत्या. त्या कशा आहेत?" हे विचारताच तिला उत्तर कळलं.

"ओब्दुलिया गेली," तो म्हणाला. "तुम्ही येऊन गेलात त्यानंतर थोड्याच दिवसांनी. सकाळी. कॉफी मागितली आणि गेली. सरकारला विचारशील तर हृदयाने गेली. वादळाने नाही. वादळ तोवर निघून गेलं होतं ना."

मिर्नाला कॉफी आठवली. घरात वीज नव्हती, नळाला पाणी नव्हतं, आणि ती खिडकीतली बाई धापा टाकत म्हणाली होती, "अहो, कॉफी द्या की त्यांना." चुलीवरची कॉफी आली, धुराच्या वासाची, फुटक्या कानाच्या कपात. लिंडग्रेन नम्रपणे म्हणाला, नियमाप्रमाणे आम्हाला काही घेता येत नाही, आणि मिर्नाने सांगितलं, "नियमाप्रमाणे आम्हाला काही घेता येत नाही." बाईने तिच्याकडे पाहिलं. "आम्हाला म्हणजे? तुलाही? अगं, तू तर आपलीच ना?" त्यावर मिर्नाकडे वाक्य नव्हतं. लिंडग्रेन काही बोललेला नव्हता, मग ती काय बोलणार? कप कट्ट्यावर निवत राहिला. त्यावर राखेचा एक कण तरंगत होता. आपण तो कप का उचलला नाही? कोण बघत होतं? लिंडग्रेनने काय कुठे तक्रार केली असती? तिने हे स्वतःला पुष्कळदा विचारलं होतं, म्हणजे आता तिला वाटलं की पुष्कळदा विचारलं होतं. खरं तर तो कप तिला आत्ता, या भिंतीशी, पहिल्यांदाच आठवत होता.

"काका, मी नाही म्हटलं नव्हतं तुम्हाला," ती म्हणाली. आपला आवाज तिला चिरका वाटला. "ते त्याचं बोलणं होतं. मी फक्त..."

"माहीत आहे गं. मी अडाणी असेन, खुळा नाही. पण ऐकलं मी तुझ्याच तोंडून ना? त्याचं तर नुसतं ओठ हलणं. ‘मी छप्पर बघायला आलो आहे.’ बाईमाणूस असून ‘आलो’ म्हणालीस. रात्री झोप येत नाही तेव्हा मला तो साहेब दिसत नाही. तू ऐकू येतेस." तो थांबला, धाप घेतली. "ते जाऊ दे. माझं दुसरं काम आहे तुझ्याकडे. माझा मुलगा इथं आहे. चौकापलीकडे गाडीत बसलाय, आज जायचाय परत ओर्लँडोला. आईच्या पुण्यतिथीच्या प्रार्थनेला आला होता. त्याला सांग."

"काय सांगू?"

"मी काय म्हणालो ते. त्या दिवशी. तुझ्या साहेबाला." म्हाताऱ्याचा आवाज पहिल्यांदा हलला. "तो म्हणतो, मी मागितलंच नाही. म्हणतो, बाबा, तुम्ही जन्मात कुणापुढे हात पसरलात का, तुमचा ताठा नडला आईला. त्याने तिकडून ऑफिसात फोन केला होता, त्यांनी सांगितलं, त्या पत्त्यावरून आईच्या श्वासाच्या मशीनसाठी जनरेटरची मागणीच आलेली नाही. मी सांगितलं, मागितलं होतं. म्हणाला, कुणासमोर? मी म्हटलं, एक बाई होती. म्हणाला, हो, बाबा, एक बाई होती. दोन वर्षं तो माझ्याशी हवापाण्यापलीकडे बोलत नाही."

मिर्नाला नाही म्हणायचं होतं. ते तिच्या जिभेवर आलंही होतं, सवयीचं, गुळगुळीत. तिच्या तोंडाला नकाराचं वळण चांगलं पडलं होतं. पण तो नकार या वेळी तिचाच ठरला असता, आणि तिला भीती वाटली ती त्याचीच. ती त्याच्यासोबत चालू लागली. चौकात कबुतरं, बाकांवर पत्ते कुटणारे म्हातारे, बंद पडलेल्या दुकानांच्या शटरवर चिकटलेल्या ‘विकणे आहे’च्या पाट्या, रस्त्याकडेला भाड्याची पांढरी गाडी, इंजिन चालू, काचा बंद. एव्हारिस्तोने काच वाजवली. आतला माणूस चाळिशीचा होता, दाढी कोरलेली, अंगात कुठल्यातरी गोदामाच्या नावाचा टी-शर्ट. काच अर्धी खाली आली आणि गार हवेचा झोत मिर्नाच्या पोटावर आला.

"बाबा, कॉफी प्यायला गेलात का पिकवायला? आणि ही कोण?"

"ती बाई," एव्हारिस्तो म्हणाला.

"कुठली बाई?"

"तीच. दुभाषी."

मुलाने आधी बापाकडे, मग मिर्नाकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा घट्ट झाला. "अस्सं. विमानाला तास-दीड तास असताना बेकरीत साक्षीदार मिळाला. बाई, तुम्हाला काय दिलं त्यांनी? पाव घेऊन दिला?"

"एफ्राइन!"

"नाही, विचारतो. बाबा उद्या चर्चमधल्या संताला खाली उतरवून आणतील साक्षीला."

"तुमच्या आईने मला कॉफी देऊ केली होती," मिर्ना म्हणाली. "फुटक्या कानाच्या कपात. निळ्या रेघेचा कप होता. आणि दोरीवर फोटो वाळत घातले होते, चिमट्यांनी. एकात एक मुलगा घोड्यावर बसला होता, रडत."

एफ्राइनने मागच्या दाराचं कुलूप काढलं.

ती मागे बसली, एव्हारिस्तो पुढे. दार लागताच बाहेरचा सगळा आवाज कापून टाकल्यासारखा थांबला. आरशात एफ्राइनचे डोळे तिच्यावर होते. "सांगा," तो म्हणाला. "जसंच्या तसं. बाबा तुमच्याकडे बघताहेत, मी नाही बघणार त्यांच्याकडे. जसंच्या तसं सांगा."

मिर्नाने तोंड उघडलं आणि तिला धक्का बसला. म्हाताऱ्याचे शब्द तिच्याकडे नव्हते. तिने डोक्यात चाचपडून पाहिलं. अंगण होतं, चिखल होता, त्याचा हलणारा जबडा होता, पण आवाज नव्हता. ऐकता ऐकताच ती त्याचं बोलणं उलथवत होती, आणि उलथवलेलं तेवढंच आत राहिलं होतं. म्हाताऱ्याची विनंती तिच्याजवळ होती, पण इंग्रजीत, तिच्या स्वतःच्या तोंडाने म्हटलेली. "मला ते आपल्या भाषेत आठवत नाही," ती म्हणाली. "मी त्या साहेबाला जे म्हटलं ते आठवतं."

"मग तेच म्हणा. इंग्रजी येतं मला," एफ्राइन म्हणाला. "तिकडे दिवसभर शिव्या त्याच भाषेत खातो."

तिने डोळे मिटले. आणि ती बोलू लागली, इंग्रजीत, हलकेच, मग तो सूर तिला सापडला आणि मग तिला तो आवरेना. साहेब, मला छप्पर नको. छप्पर राहू दे, पावसात झोपू आम्ही. माझ्या बायकोचं हवेचं मशीन बंद पडलंय, तिला वीज हवी. जनरेटर असेल तुमच्याकडे, लहानसा, तुमच्या माणसांकडे असतात, मी पाहिलेत रस्त्यावरून जाताना. उसना द्या. मी कधी कुणाकडे काही मागितलं नाही. रेशनची कुपनं आली तेव्हा मी ती परत केली, या गावात कुणालाही विचारा. आज मागतो. बघा, गुडघे टेकून मागतो. तुम्हाला आई असेल. माझ्या ओब्दुलियाला दम घेता येत नाही, रात्री ती माझा हात धरते आणि सोडत नाही, आणि मला कळत नाही की आता मी काय करू. मला सांगा मी काय करू. मिर्ना बोलत होती आणि रडत होती, तेव्हाही अशीच रडली होती. लिंडग्रेन त्या वेळी चिखलात गुडघे टेकलेल्या म्हाताऱ्याकडे बघत नव्हता. तो मिर्नाकडे बघत होता, कारण ‘मी’ म्हणून रडत तीच होती, आणि तो म्हणाला होता, बाई, प्लीज, असं करू नका. मग भानावर येऊन, त्यांना उठायला सांगा. मग तो नेमका, सभ्य नकार: मी छप्पर बघायला आलो आहे, वैद्यकीय साधनं माझ्या अखत्यारीत येत नाहीत, या नंबरवर फोन करा. फोनचे सगळे मनोरे आडवे झालेले होते. हे त्यालाही दिसत होतं. बोलता बोलताच त्याने आपली पाण्याची बाटली म्हाताऱ्याच्या हातात दिली होती. आणि मिर्नाने डोळे पुसून, आवाज सरळ करून, समोर बघत म्हटलं होतं, "कृपया उठा. तुमची मागणी माझ्या अखत्यारीत येत नाही." दोन्ही, एकापाठोपाठ, त्याच तोंडाने.

ती थांबली. गाडीत फक्त गार हवेचा घरघराट. एव्हारिस्तो पुढच्या सीटवर पूर्ण मागे वळून बसला होता, सीटची पाठ दोन्ही हातांनी धरून, आणि तिच्या तोंडाकडे बघत होता. त्याला एकही शब्द कळला नव्हता. पण आवाज कळला होता.

"त्या दिवशी," तो म्हणाला, "त्याच्याशी बोलताना... असंच बोलली होतीस? असं?"

"हो."

"मला वाटलं, तू त्याला पत्ताबित्ता सांगतेयस." "तू रडत होतीस ते मी पाहिलं होतं. मला वाटलं डोळ्यात काही गेलं. धूळ होती तेव्हा सगळीकडे." मग मुलाकडे वळून, जवळजवळ ओरडून, "काय म्हणाली ती? सांग की मला, काय म्हणाली?"

एफ्राइन स्टिअरिंगकडे बघत होता. त्याने सांगायला तोंड उघडलं. "म्हणाली की तुम्ही..." आणि ते त्याला जमेना. ‘तुम्ही’ लावून ते वाक्य पुढे सरकत नव्हतं. त्याने पुन्हा सुरुवात केली, आणि या वेळी, मिर्नाच्या लक्षात आलं, तो ‘मी’ म्हणाला. "मला छप्पर नको," तो त्यांच्या भाषेत म्हणाला, घोगऱ्या आवाजात, एखादा धडा वाचावा तसा. "मी कधी कुणाकडे काही मागितलं नाही. आज मागतो. गुडघे टेकून मागतो. ती रात्री माझा हात धरते आणि..."

"बास," एव्हारिस्तो म्हणाला. "बास. पुढचं मला येतं."

एफ्राइनने कपाळ स्टिअरिंगवर टेकलं, आणि हॉर्न वाजला. लांब, सलग. पत्ते कुटणाऱ्यांनी माना वळवल्या, कबुतरं उडाली. म्हाताऱ्याने घाबरून मुलाच्या खांद्याला धरून त्याला मागे ओढलं. हॉर्न थांबला तरी खांद्यावरचा हात तिथेच राहिला. दोघंही समोरच्या काचेतून बाहेर बघत होते, बाहेर काही नसताना. मिर्नाला वाटलं आता आपण इथे नकोत. पण दाराचं कुलूप पुढून लावलेलं होतं, आणि ते उघडा म्हणायची तिची छाती झाली नाही. ती आपल्या हातांकडे बघत बसली, हे हात त्या दिवशी कुठे होते ते आठवत. पाठीमागे बांधलेले असणार, दुभाष्याने हातवारे करायचे नसतात.

"सांगितलं का नाहीत?" एफ्राइन अखेर म्हणाला. "गुडघे टेकलेत हे. नुसतं ‘मागितलं’ काय म्हणत बसलात?"

"तुला काय सांगू? की तुझा बाप चिखलात बसला आणि एका पोरसवद्या परक्याने त्याला ऊठ म्हटलं?" एव्हारिस्तो म्हणाला. "आणि मिळालं असतं तर सांगितलंही असतं रे. काही मिळालंच नाही. फुकट गेलं ते."

"फोनवर मला ते म्हणाले मागणीच नाही. मी ते खरं मानलं. त्यांचं." एफ्राइन हसला, वाईट हसला. "इतकी वर्षं तिकडे राहून मी त्यांचं खरं मानलं आणि तुमचं नाही." त्याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मग बापाच्या शर्टाचं गळ्याशी करकचलेलं वरचं बटण, आणि हात पुढे करून ते काढलं. "चला. तुम्हाला घरी सोडतो."

"आणि विमान?"

"रोज उडतात विमानं. इथली अर्धी माणसं भरून नेतात, उद्याही नेतील. घाटात तो पूल झाला का?"

"कुठला व्हायला! नदीतून दगडांवरून घालतात गाडी."

"भाड्याची गाडी आहे, बाबा."

"मग तर घालच." म्हातारा म्हणाला, आणि दोघांच्याही तोंडून एक आवाज निघाला, ज्याला हसणं म्हणता आलं असतं.

कुलूप निघालं. मिर्ना उतरली. बाहेरचं ऊन आणि आवाज एकदम अंगावर कोसळले, डिझेलचा वास, कुणाच्यातरी दुकानापुढचा धडधडता जनरेटर. आज पुन्हा या बाजूची वीज गेली होती तर. तिचे पाय हलके लागत होते, आणि तो हलकेपणा सुखाचा नव्हता. झालं ना काम? तिने हवा तसा निरोप पोचवला होता, एका बाजूचं दुसऱ्या बाजूला, आणि आता नेहमीसारखं बाजूला व्हायचं. गाडी मागे सरकली, वळायला लागली, आणि मग थांबली. पुढची काच खाली आली. एव्हारिस्तोने टोपी काढली होती.

"ए मिर्ना. त्याचं म्हणणं तू मला सांगितलंस. माझं त्याला सांगितलंस. आणि तुझं काय होतं?"

"माझं?"

"तुझं स्वतःचं. तिथे उभी होतीस की. तुला काहीतरी म्हणायचं असेल."

तिने नाही म्हणायला मान हलवली, आणि ती हलवता हलवताच ते वाक्य आलं. ते कुणाचं नव्हतं. कुणी आधी म्हटलं नव्हतं, कुठल्याच भाषेत. मारियानंतरच्या त्या सबंध वर्षात आणि त्यापुढच्या कागदांच्या काळात ते तिच्या पोटात कुठेतरी न हलता पडून राहिलं होतं, आणि आता बाहेर येताना तिला ते दुखलं. "मला वाटलं होतं," ती म्हणाली, "की त्याच्या हातातून किल्ली घ्यावी. त्याला तिथंच अंगणात उभं ठेवावं. आणि तुमच्या बायकोला मागच्या सीटवर बसवून सरळ इथे आणावं, सान हुआनला, दवाखान्यात. टाकी भरलेली होती. मी घाट चालवू शकते."

एफ्राइनने तिच्यावरून नजर काढून घेतली. मागून कुणीतरी हॉर्न दिला, मग दुसऱ्याने. एव्हारिस्तो तिच्याकडे बघत होता, आता पहिल्यांदाच नीट, तिच्या चेहऱ्याकडे, जणू पुढच्या वेळी तो आवाजावर विसंबणार नव्हता. ती वाट बघत राहिली. तो शिवी देईल, असं तिला वाटलं. द्यावी, असंही वाटलं.

"बसली असती ती," तो म्हणाला. "एका हाकेत बसली असती. तिला गाडीत बसायला फार आवडायचं."